कापूस आणि मिनी ट्रॅक्टरसाठी जुन्या पिकअपला फिफ्थ व्हील हिच बसवता येईल का?

पऱ्हाटी_२९, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

नमस्कार मंडळी. २०१६ मॉडेलची बोलेरो पिकअप सेकंडहँड घेतली आहे. आरसीवर रिकामं वजन १७०० किलो आणि लदान वजन २९५० किलो लिहिलेलं आहे. हौदा ९ फूट बाय साडेपाच फूट. आधीच्या मालकाने कापसासाठी चारही बाजूंनी लोखंडी जाळीचे उंच फळके बसवले आहेत.

कामं दोन आहेत. हंगामात कापूस जिनिंगवर न्यायचा, आणि मिनी ट्रॅक्टर रोटावेटरसकट भाड्याच्या कामासाठी आजूबाजूच्या गावांत फिरवायचा. हौद्यात फिफ्थ व्हीलची प्लेट (कंटेनर ट्रकसारखी, जिच्यावर ट्रेलरचा पुढचा भाग टेकून अडकतो) बसवून मागे १६ फुटी, ६ फूट रुंद, दोन एक्सलचा ट्रेलर जोडायचा विचार आहे. भरलेल्या ट्रेलरचं वजन ३ टनांच्या आत ठेवेन. वर्कशॉपवाला म्हणतो की हौद्याच्या तळाला प्लेट वेल्ड करून देतो, एका दिवसाचं काम आहे.

गाडीला हे झेपेल का? प्लेट नेमकी कुठे यायला पाहिजे? वेल्डिंग चालेल की बोल्ट? जुनी गाडी आहे, तर आधी काय तपासू? आणि आरटीओचं कसं?

---

वजनकाटा_अमरावती

सगळ्यात आधी वर्कशॉपवाल्याला थांबवा. हौद्याच्या तळाला प्लेट वेल्ड करणे हे या कामातलं सगळ्यात धोक्याचं पाऊल आहे. आपल्याकडच्या पिकअपचा हौदा ही चेसिसवर यू-बोल्टने आवळलेली वेगळी पेटी असते. तिचा पत्रा आणि खालच्या आडव्या पट्ट्या वरून येणाऱ्या वजनासाठी असतात, मागेपुढे बसणाऱ्या ओढीसाठी नाहीत. ब्रेक मारला की तीन टनांचा ट्रेलर किंगपिनमधून, म्हणजे त्याच्या नाकाखालच्या प्लेटमध्ये अडकणाऱ्या पिनमधून, तो सगळा धक्का प्लेटला देतो. आधी पत्रा फाटतो, नाहीतर अख्खा हौदा चेसिसवर सरकतो.

आता वजनाचा हिशोब. फिफ्थ व्हीलमध्ये ट्रेलरच्या एकूण वजनाचा २० ते २५ टक्के भाग किंगपिनवर, म्हणजे तुमच्या गाडीच्या पाठीवर येतो. ३ टनांचे झाले ६०० ते ७५० किलो. गाडीची वाहून नेण्याची ताकद २९५० वजा १७०० म्हणजे १२५० किलो. त्यातून दोन माणसांचे १५० गेले, भरलेल्या टाकीतल्या डिझेलचे ५० गेले, प्लेट आणि तिच्या खालच्या सबफ्रेमचे (आधाराच्या लोखंडी चौकटीचे) १२० गेले. उरले ९३०. त्यात ७५० बसतात. इथपर्यंत पाहिलं की वाटतं, जमलं.

पण पाठीवर किती वजन आलं हा अर्धाच प्रश्न आहे. थांबवायचं किती, हे बघा. १७०० अधिक ५० अधिक १५० अधिक १२० अधिक ट्रेलरचे ३०००, एकूण ५०२० किलो. तुमच्या गाडीचे ड्रम, डिस्क, बूस्टर, क्लच, रेडिएटर हे सगळं २९५० किलोसाठी बनवलेलं आहे. त्याच वेगावरून थांबताना ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे ७० टक्के जास्त. घाटंजी ते यवतमाळ एक वेळ निभेल. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून उतरायची वेळ आली तर उतारावर ब्रेक तापून पेडल ढिलं पडेल, आणि तेव्हा मागचे तीन टन तुम्हाला ढकलत असतील. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढण्याची क्षमता किलोत छापलेली असेल तरच ओढायचा विचार करायचा, आणि तोही त्या आकड्याच्या आत.

कापसाचा हिशोबही मांडून बघा, कारण त्यातच याचं उत्तर आहे. मोकळा कापूस पायाने दाबून भरला तरी एका घनमीटरला साधारण सव्वा क्विंटल बसतो. तुमचा हौदा ९ बाय साडेपाच, जाळी धरून ६ फूट उंच पकडला तर होतात २९७ घनफूट, म्हणजे ८.४ घनमीटर. दहा-साडेदहा क्विंटल. म्हणजे आत्ताच एका खेपेत गाडी आपल्या वजनाच्या मर्यादेजवळ जाते. फिफ्थ व्हील बसवलं की हौद्याचा मधला भाग प्लेट खाते आणि जाळीचे फळके काढावेच लागतात, नाहीतर ट्रेलरची मान वळणारच नाही. हौद्यातला कापूस गेला. ३ टनी ट्रेलरचं स्वतःचं वजन ९०० ते १००० किलो, वर बसला २० क्विंटल. एवढा खर्च, एवढा धोका पत्करून हाती आले खेपेला नऊ-दहा क्विंटल जास्त.

आणखी एक काम करा. आरसीवरच्या आकड्यावर विसंबू नका, धरमकाट्यावर गाडी नेऊन वजन करा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर घेऊन. जाळीचं वजन त्यातच कळेल.

---

चासी_अन्_पाटे, दारव्हा

भाऊ, हूक लावा का नोका लावू हे मंग पाहू, पयले जुनी चासी पाहा.

गाडी रॅम्पवर चढवा, खालून पाण्याच्या प्रेशरनं धुवा. आपल्याकडची काळी माती चासीच्या कोपऱ्यात चिकटून बसते, पावसाळाभर ओल धरून ठेवते, अन् गंज तिच्याच खाली असते. धुतल्यावर वायर ब्रशनं घासा. मंग हातोडी घ्या अन् दोन्ही लांब बारवर हातभर अंतरानं ठोकत जा. धडधाकट लोखंड खणखण वाजते, सडलेलं भद्द वाजते. भद्द वाजलं तिथं पेचकस टोचून पाहा, आत गेला तं गोष्ट तिथंच संपली.

तडा पाहाच्या जागा ठरलेल्या हायेत. मागच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) पुढचा हँगर म्हंजे पाटा चासीले धरणारा ब्रॅकेट, मागचा शॅकल म्हंजे त्याची हालती कडी, अन् जिथं आडवा मेंबर लांब बारले रिव्हेट केला हाये ते कोपरे. रिव्हेटच्या भवती तांबूस पावडर दिसली म्हंजे रिव्हेट हालून रायला. शंका आली तं डाय पेनेट्रंट टेस्ट करा, तीन स्प्रेचे डब्बे भेटतात. पयल्यानं साफ करा, दुसऱ्याचा लाल रंग मारून १०-१५ मिनिट थांबा, पुसा, मंग पांढरा डेव्हलपर मारा. तडा असन तं पांढऱ्यावर लाल रेघ उठते. डोळ्याले न दिसणारी रेघ उठते, म्हणून सांगतो.

पहिल्या मालकानं पाटे वाढवले का हे मोजा. दोन्ही बाजूचे पाटे सारखे पायजेत. जादा पाटे टाकले म्हणून गाडीची ताकद वाढत नाई, फक्त ती बसत नाई. एक्सल, बेअरिंग, चासी हाये तेच हाये. उलट ज्या गाडीत दोन-दोन पाटे जादा दिसतात ती गाडी ओव्हरलोड चाललेली असते, तिची चासी डबल तपासा.

खत वायलेली गाडी असन तं अजून जास्त पाहा. पोटॅशचं मीठ हौद्याच्या फटीतून खाली गळते अन् चासीच्या वरच्या तोंडाले खाते. ते हौदा उचलल्याशिवाय दिसत नाई. चार यू-बोल्ट खोलून हौदा चार बोटं उचलून बॅटरी मारा.

---

आरसीबुक, नागपूर ग्रामीण

कागदाची बाजू सांगतो, कारण ती इथे सगळ्यात कडक आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलर आणि सेमी-ट्रेलर हे वेगळे धरले आहेत. ज्याच्या वजनाचा काही भाग ओढणाऱ्या गाडीवर टेकतो आणि ज्याचा भाग तिच्यावर चढलेला असतो, तो सेमी-ट्रेलर. सेमी-ट्रेलर जोडलेली गाडी म्हणजे आर्टिक्युलेटेड वाहन. तुमच्या आरसीवर मालवाहू पिकअप लिहिलेलं आहे. फिफ्थ व्हील बसवलं की गाडीचा प्रकारच बदलतो. कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील मूळ निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

तुमची गाडी २०१६ ची, म्हणजे आठ वर्षांच्या पुढे गेली. फिटनेस आता दरवर्षी आहे. हौद्यातली प्लेट तिथे दिसणारच.

दंडापेक्षाही विम्याचं जास्त मनावर घ्या. नोंद नसलेला ट्रेलर जोडलेला असताना कुणाला लागलं, तर विमा कंपनी अंग काढून घ्यायला बघेल आणि भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येईल.

ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, स्वतंत्र विमा लागतो, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर मागच्या बाजूला लिहावा लागतो. नोंदणीच्या अर्जाला फॉर्म २०, विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि निर्मात्याचा फॉर्म २२ लागतो. हा शेवटचा कागद गावातला वर्कशॉपवाला देऊ शकत नाही, म्हणून ट्रेलर मंजुरी असलेल्या निर्मात्याचाच घ्या. पिकअपच्या मागच्या हूकचंही तसंच, गाडीच्या कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीत असेल तर तोच घ्या, आणि बसवण्याआधी आरटीओला लेखी अर्ज करून उत्तर हातात ठेवा. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २००० आहेत. तो हिशोब आरसीवरच्या लदान वजनावर होतो, पाट्यांवर नाही.

---

पऱ्हाटी_२९

सगळ्यांचे आभार. काल काट्यावर गाडी नेली. टाकी फुल, स्टेपनी-जॅकसकट, ड्रायव्हर खाली उतरवून १८३० किलो भरली. जाळी चांगलीच जड निघाली म्हणायची. चेसिस धुऊन ठोकून पाहिली, तडा नाही, पाटे दोन्हीकडे सारखे आहेत.

फिफ्थ व्हीलचा नाद सोडला. कापूस तसाच दोन खेपांत नेईन, नाहीतर भाड्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत. पण मिनी ट्रॅक्टरचं काय करू? ट्रॅक्टर ८५० किलो आणि रोटावेटर २५० किलो. हौद्यात ट्रॅक्टर चढतो, पण रोटावेटर लावलेला असला की लांबी पुरत नाही. मागे साधा एका एक्सलचा छोटा ट्रेलर ओढला तर चालेल का? मॅन्युअलमध्ये ओढण्याचा आकडा आहे, त्यात बसतं. हूक कसा बसवायचा, जरा खोलात सांगा. आणि फिफ्थ व्हीलची जागा कशी ठरवतात तेही सांगितलं तर बरं, उत्सुकता आहे.

---

लेथवाला_अकोला

आधी फिफ्थ व्हीलचं थोडक्यात. किंगपिनचा मध्य मागच्या एक्सलच्या बरोबर वर किंवा ५ ते १० सेंटिमीटर पुढे हवा. एक्सलच्या मागे गेला की किंगपिनचं वजन पुढची चाकं उचलायला लागतं आणि स्टिअरिंग हलकं होतं. मग वळणाची जागा. ६ फुटी ट्रेलरची अर्धी रुंदी ९१५ मिमी. किंगपिनच्या पुढे ट्रेलरचं नाक ३०० मिमी असेल तर नाकाचा कोपरा किंगपिनपासून ९६३ मिमीवर फिरतो. कॅबिनची मागची भिंत किंगपिनपासून किमान १०६५ मिमी दूर पाहिजे, नाहीतर शेताच्या बांधावर गाडी वळवताना कोपरा कॅबिनच्या काचेत घुसतो. किंगपिन दोन मापांत येते, २ इंच आणि साडेतीन इंच, आणि प्लेटचा जबडा त्याच मापाचा लागतो. प्लेट कधीही हौद्यावर नाही, चेसिसच्या दोन्ही बारवर बसणाऱ्या सबफ्रेमवर, बोल्टने. एवढं पुरे.

आता तुमचा छोटा ट्रेलर. हे काम नीट करता येतं, पण एक अट पाळा: ट्रेलर जोडलेला असेल तेव्हा हौद्यात माल नाही. फार तर रोटावेटर. बेरीज बघा. गाडी १८३०, दोन माणसं १५०, हूकचा सांगाडा ३५, रोटावेटर २५०, ट्रेलर ४५० आणि ट्रॅक्टर ८५०. एकूण ३५६५ किलो. लदान वजनापेक्षा २१ टक्के जास्त, म्हणून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ब्रेकशिवाय हे करू नका.

रोटावेटर हौद्यात कॅबिनला टेकवून ठेवायचा. त्याचं कारण असं: भरलेल्या ट्रेलरचा दांडा, म्हणजे हूकला जोडायचा पुढचा भाग, हूकवर १३०० च्या १० ते १५ टक्के, म्हणजे १३० ते १९५ किलो टेकतो. हूक मागच्या एक्सलपासून साधारण १.१ मीटर मागे येतो आणि दोन्ही एक्सलमधलं अंतर ३ मीटर धरलं तर हूकवरचे १५० किलो मागच्या एक्सलला २०५ पडतात आणि पुढच्या एक्सलवरून ५५ किलो उचलतात. रोटावेटर पुढे ठेवला की पुढची चाकं थोडं वजन परत घेतात.

सांगाडा असा. दोन्ही चेसिस बारच्या बाहेरून किंवा आतून १० मिमीच्या जाड पट्ट्या, प्रत्येक किमान ४० सेंटिमीटर लांब, म्हणजे ओढ एका जागी न येता बारवर पसरते. त्या पट्ट्यांना जोडणारी आडवी चौकोनी नळी, आणि तिच्या मध्यावर बॉलची (ज्या गोळ्यावर ट्रेलरच्या दांड्याचं तोंड बसतं त्याची) प्लेट, मागून त्रिकोणी टेकू देऊन. हा सांगाडा टेबलावर वेल्ड करून पूर्ण तयार करायचा. चेसिसला मात्र वेल्डिंगचा टाका लावायचा नाही. चेसिसचं लोखंड दाबून घडवलेलं, ताकदीचं असतं. टाक्याच्या शेजारचा भाग तापून ठिसूळ होतो आणि काही महिन्यांनी तडा नेमका टाक्याला लागूनच जातो, टाका शाबूत राहतो.

भोकं फक्त चेसिसच्या उभ्या भिंतीत. वरच्या आणि खालच्या आडव्या तोंडांना हात लावायचा नाही, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथेच असतो. प्रत्येक बाजूला एम-१६ चे ८.८ ग्रेडचे चार बोल्ट, भोक १७ मिमी, दोन भोकांच्या मध्यांत किमान ५० मिमी अंतर. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते पाहूनच घ्या. साध्या हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट इथे चालत नाही. भोक ड्रिलने पाडायचं, आधी ६ मिमी, मग १०, मग १७. गॅसने जाळून पाडलेलं भोक वाकडं असतं आणि त्याच्या कडेला बारीक तडे असतात. ड्रिल लावण्याआधी बारच्या आतून हात घालून चाचपा. ब्रेकची नळी, डिझेलची नळी आणि मागच्या लाइटचं वायरिंग तिथूनच जातं. ड्रिलच्या पात्यावर अडवण म्हणून लाकडाचा ठोकळा बसवा म्हणजे टोक आरपार जाऊन घुसत नाही. भोकाची धार फाइलने मारून झिंक प्रायमर लावा.

बार बंद पेटीसारखी असेल तर बोल्ट आवळताना भिंती आत चेपतात. मग आत जाड नळीचा तुकडा घालावा लागतो, पेटीच्या आतल्या रुंदीइतका अचूक कापलेला. बोल्ट त्या नळीतून जातो आणि आवळण्याचा दाब नळी घेते. हे न केल्याने आज घट्ट बसलेला बोल्ट पंधरा दिवसांत ढिला होतो, आणि लोक नटला दोष देतात.

आवळणी टॉर्क रेंचनेच, २०० न्यूटन-मीटर, म्हणजे साधारण २० किलोग्रॅम-मीटर. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) आणि कडक वॉशर. आवळून झाल्यावर नट आणि पट्टीवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा रेंच लावा.

बॉल ५० मिमीचा. उंची अशी ठेवा की भरलेल्या अवस्थेत ट्रेलरचा दांडा जमिनीला समांतर राहील. दांडा वर चढलेला असला की ट्रेलर मागे टेकतो आणि रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो.

---

पऱ्हाटी_२९

ट्रॅक्टरसारखा पिन आणि कडीचा हूक लावला तर? गावात तोच मिळतो. आणि ब्रेक गाडीच्याच नळीतून टी काढून दिले तर स्वस्तात काम होईल का?

---

वजनकाटा_अमरावती

दोन्हीला नाही.

ट्रॅक्टरच्या कडीत पिन मोकळी असते, कारण ट्रॅक्टर हळू चालतो आणि शेतातल्या उंचसखल जमिनीवर ट्रॉलीला हालायला जागा लागते. पिकअप ५० च्या वेगाने चालते. ती मोकळी जागा प्रत्येक गिअरला आणि प्रत्येक ब्रेकला हातोडीसारखा ठोका देते. तो ठोका थेट तुम्ही पाडलेल्या भोकांवर येतो.

टी काढून ब्रेक देणं त्याहून वाईट. मास्टर सिलिंडर एका दाबात जेवढं तेल ढकलतो ते चार चाकांपुरतं मोजलेलं असतं. आणखी दोन चाकांचे सिलिंडर लावले की पेडल खाली जातं. ट्रेलरची नळी काट्यात अडकून तुटली तर गाडीचेही ब्रेक त्याच क्षणी जातात.

ओव्हररन ब्रेकचा ट्रेलर घ्या. गाडीने ब्रेक मारला की ट्रेलर पुढे सरकतो, दांड्यातला सरकता भाग आत दबतो आणि केबल ओढून ट्रेलरचे ड्रम लागतात. गाडीशी तेलाचा काही संबंध नाही. रिव्हर्स घेताना लॉक लावायला विसरू नका, नाहीतर मागे ढकलताना ब्रेक लागूनच राहतात. इलेक्ट्रिक ब्रेकचा ट्रेलर असेल तर प्रत्येक मॅग्नेटला साधारण ३ अँपिअर लागतात. बॅटरीपासून ४ चौरस मिमीची वेगळी वायर, फ्यूज, आणि कॅबिनमध्ये कंट्रोलर.

दांडा सुटला तर दोन आधार हवेत. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून, म्हणजे दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर झेलला जातो. आणि ब्रेक ओढणारी वेगळी केबल, जी साखळ्यांपेक्षा आखूड हवी. ती बॉलला नाही, सांगाड्याला बांधा. बॉलच निघून गेला तर बॉलला बांधलेली केबल कशाच्या कामाची?

मिनी ट्रॅक्टर चढवताना तो मागे किंवा पुढे किती ठेवला यावरच सगळं आहे. हूकपासून ट्रेलरचा एक्सल ३ मीटरवर असेल तर ८५० किलोचा ट्रॅक्टर १० सेंटिमीटर पुढे सरकवला की हूकवर २८ किलो वाढतात. पहिल्यांदा धरमकाट्यावर नेऊन ट्रेलर सोडा, दांड्याचं छोटं चाक काट्यावर आणि ट्रेलरची चाकं काट्याबाहेर ठेवा. १३० ते १९५ च्या मध्ये आकडा येईपर्यंत ट्रॅक्टर मागेपुढे करा. आकडा बसला की ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांपुढे डेकवर लोखंडी अँगलचा अडसर बोल्टने बसवा आणि चाकाच्या जागेवर पिवळा रंग मारा. मग रात्री अंधारात कुणीही चढवला तरी तो त्याच जागी उभा राहतो. हूकवर १३० पेक्षा कमी आलं तर ६०च्या वेगाला ट्रेलर डुलायला लागतो. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर हळू सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं.

ट्रॅक्टरला गिअरमध्ये टाकून हँडब्रेक लावलाच पाहिजे, पण भरवसा पट्ट्यांवर ठेवायचा. रॅचेट बेल्ट चार, पुढच्या आणि मागच्या एक्सलला, चारही कोपऱ्यांकडे तिरपे ओढलेले. दोर नको.

---

चासी_अन्_पाटे

लाइटचं रायलं. सात पिनचा सॉकेट लावा. पिवळी वायर डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेकलाइट, काळी डावा टेललाइट, तपकिरी उजवा टेललाइट, निळी फॉगची अन् पांढरी अर्थ. पांढरी जाड घ्या अन् चासीले पॉलिश करून नटाखाली दाबा. अर्थ कच्चा असला म्हंजे ब्रेक दाबला की इंडिकेटर चमकते अन् लोकं दिवसभर बल्ब बदलत रायतात. ट्रेलरले एलईडी लावा, नाई तं साध्या बल्बचा भार गाडीच्या फ्यूजवर येते. बल्बच लावाचे असतील तं रिले टाका.

मागच्या टायरचा लोड इंडेक्स वाचा, साईडवॉलवर मापाच्या पुढं लिहिलेला असते. १०० म्हंजे एका टायरले ८०० किलो, १०४ म्हंजे ९००, १०९ म्हंजे १०३०. धरमकाट्यावर मागच्या एक्सलचं भरलेलं वजन घ्या, दोननं भागा, अन् टायरच्या आकड्याशी जुळवा. हवा थंड टायरमंधी भरा. ट्रेलरच्या बेअरिंगचं ग्रीस हंगामाच्या आधी बदला. चिखलाच्या पाण्यातून गेलेला हब लवकर जाते, अन् गेला तं चाक रस्त्यावरच निघते. १०-१५ किलोमीटर चालून थांबा अन् हबवर हात ठेवून पाहा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तं तिथंच बेअरिंग नाई तं ब्रेक अडकला हाये.

---

पऱ्हाटी_२९

समजलं. आधी आरटीओला अर्ज देतो, मंजुरीवाल्या निर्मात्याकडून ओव्हररनचा एक एक्सल ट्रेलर पाहतो. सांगाडा अकोल्याला बनवून घेण्याआधी एकच विचारायचं होतं: जाळीचे फळके कायमचे काढून टाकू का?

---

लेथवाला_अकोला

काढता येतील असे करा, कायमचे नको. आत्ता ते वेल्ड केलेले असतील तर कापून हौद्याच्या कोपऱ्यांत चौकोनी नळीचे खाचे बसवा, फळक्यांच्या पायांना त्यात बसतील असे दांडे, आणि आरपार १२ मिमीची पिन. कापसाच्या हंगामात लावायचे, ट्रॅक्टर फिरवायच्या दिवसांत गोठ्यात ठेवायचे. शंभर किलोच्या आसपास वजन कमी होईल, मागचा आरसा मोकळा दिसेल आणि ट्रेलर मागे घेताना त्याचा दांडा डोळ्यासमोर राहील. खाचे बनवताना हौदा खोलून उचलणारच असाल, तर चेसिसच्या वरच्या तोंडाला प्रायमर मारून यू-बोल्टच्या खाली नवे रबर पॅड टाका. मापं पाठवताना दोन्ही चेसिस बारमधलं अंतर आतून आणि बाहेरून दोन्हीकडून मोजा, आणि शेवटच्या आडव्या मेंबरचा फोटो टेप लावून काढा.